जोडीदाराची पिशवी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची पोटं भरलेली होती. तुम्ही म्हणाल, मग गोष्ट कशी घडणार? अरे, पोटं भरली होती म्हणूनच घडली. भुकेल्या प्राण्याला असले उद्योग सुचत नाहीत.

हे जंगल समुद्राला अगदी टेकलेलं होतं. समुद्राच्या तळाशी वाळूत पंख्याच्या आकाराचे मोठे शिंपले राहत. त्यांच्या आत एक पांढरी, गोडसर वडी असते. तेवढीच खायची, बाकी फेकून द्यायचं. पूर्वी हे शिंपले पाणमांजरं काढत आणि बाजारात आणून विकत. चार कंदमुळं दिली की टोपली घरी.

पण विकत आणून खाणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे, असा शोध जंगलातल्या बड्या मंडळींना लागला. शिंपला कसा, स्वतः बुडी मारून काढलेला हवा! हे ऐकून एका हुशार पाणमांजराने आपली टोपली माळ्यावर टाकली आणि बुडीचा वर्ग काढला. सगळे त्याला मास्तर म्हणू लागले.

वाळलेल्या भोपळ्यात बेडकांकडून हवा फुंकून घ्यायची. तो भोपळा पाठीला बांधायचा. त्याची नळी तोंडात धरायची आणि हातात जाळीची पिशवी घ्यायची. एवढा थाट करून मंडळी पाण्यात उतरली की किनाऱ्यावरचे खेकडे बिळात जाऊन हसत.

मास्तर मात्र कडक होते.

"बुडी जोडीनंच मारायची," ते सांगत. "जोडीदाराचा हात सोडायचा नाही. आणि खाली काही अडलं तर पिशवी टाकून द्यायची. काय सोडायचं?"

"पिशवी!" सगळे ओरडत.

"काय सोडायचं नाही?"

"हात!"

किनाऱ्यावर हे सगळ्यांना पाठ येई. तुम्हालाही परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं येतंच की.

याच वर्गात गणबाराव नावाचं एक लठ्ठ अस्वल होतं. त्याने एक दिवस वाघमहाराजांना रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं आणि स्वतः काढलेले शिंपले वाढीन, असं सांगून बसलं.

"अहो, कशाला पाण्यात शिरताय?" त्याची बायको गोदाक्का म्हणाली. "मी बाजारातनं टोपली मागवते. महाराजांना काय कळतंय?"

"मला कळेल ना!" गणबाराव छाती फुगवून म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. नुकतंच रानडुकराने महाराजांना स्वतः काढलेले शिंपले खाऊ घातले होते आणि महाराज त्याच्याशी हसून बोलले होते. तेव्हापासून गणबारावांना मध गोड लागत नव्हता.

त्यांचा जोडीदार होता विसूभाऊ कोल्हा. जेवायला तोही येणार होता. आपली पिशवी गणबारावांच्या पिशवीपेक्षा मोठी दिसावी आणि ती महाराजांनी पाहावी, एवढीच त्याची इच्छा होती. हे त्याने गणबारावांना सांगितलं नव्हतं. मैत्रीत सगळंच कशाला सांगायचं!

दोघे हातात हात घालून समुद्रात उतरले. गणबारावांच्या अंगात चरबी इतकी, की ते खाली जाईनात. शेवटी मास्तरांनी त्यांच्या पाठीवर बसून त्यांना तळाशी पोचवलं आणि स्वतः वर निघून गेले.

समोरच एक शिंपला होता. तो घाबरला की दोन्ही झाकणं उघडमिट करत पळतो. तो टपटप वाजवत निघाला. गणबारावांना वाटलं, आपलं स्वागत करतोय. त्यांनी मान लववून नमस्कार केला. मान वर केली तोवर स्वागताध्यक्ष पसार झाले होते.

मग मात्र त्यांना राग आला. आता शिंपला धरायला एक हात लागतो आणि पिशवी धरायला दुसरा. जोडीदारासाठी तिसरा हात देवाने कुणाला दिलेला नाही. दोघांनी एकमेकांचे हात कधी सोडले, हे त्यांनाही कळलं नाही.

गणबारावांची पिशवी काठोकाठ भरली. भोपळ्यातली हवा मात्र संपली. नळी ओढली तर नुसतं खारट पाणी तोंडात आलं. पिशवी सोडली असती तर ते बुचासारखे वर आले असते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी ताटं आली, महाराजांच्या उंचावलेल्या भुवया आल्या, रानडुकराचे दात आले. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली.

मला हे सांगताना खरंच वाईट वाटतं, मुलांनो. एक चांगलं, कुटुंबवत्सल अस्वल एका जेवणापायी मरायला टेकलं होतं.

विसूभाऊने ते पाहिलं. त्याच्या भोपळ्यात हवा होती. आपली नळी त्याला मित्राच्या तोंडात देता आली असती. तो झपाट्याने गणबारावांकडे गेला आणि त्याने त्यांची पिशवी हिसकावून घेतली.

पिशवी सुटली आणि गणबाराव सरळ वर आले. त्यांनी भलामोठा श्वास घेतला.

"विसूभाऊ कुठाय?" मास्तर ओरडले.

"खाली!" गणबाराव रडत म्हणाले. "माझी... माझी..."

पुढचा शब्द पिशवी हा होता, पण रडण्यात तो बुडाला. त्यांनी एका बेडकाच्या हातातून भरलेला भोपळा ओढून घेतला आणि रागाच्या भरात, मास्तर पाठीवर नसतानाही, ते पुन्हा तळाशी गेले.

खाली विसूभाऊ दोन पिशव्या घेऊन वाळूत रुतला होता. त्याचीही हवा संपत आली होती, पण एकही पिशवी टाकायची त्याची तयारी नव्हती. गणबारावांनी आपली पिशवी पकडली आणि ओढली. विसूभाऊने ती घट्ट धरली. नीट ओढता यावं म्हणून त्याने स्वतःची पिशवी टाकून दिली. ओढाओढीत जाळी टरकन फाटली आणि सगळे शिंपले टपटप वाजवत निघून गेले.

रिकाम्या पिशवीची दोन टोकं धरून दोघे तरंगत वर आले. अजून एकमेकांकडे खाऊ की गिळू असे पाहत होते.

किनाऱ्यावर सगळं जंगल जमलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा!" ते म्हणाले. "सगळे शिंपले गेले, पण एकमेकांना सोडलं नाही!"

गणबारावांनी विसूभाऊकडे पाहिलं. विसूभाऊने गणबारावांकडे पाहिलं. दोघांना एकदमच सुचलं.

"शिंपले काय, पुन्हा मिळतील," गणबाराव म्हणाले.

"मित्र कुठून आणायचा?" विसूभाऊ म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

रात्री गोदाक्काने बाजारातल्या टोपलीतले शिंपले वाढले. महाराजांनी बोटं चाटली. "स्वतः काढलेल्याची चवच न्यारी!" ते म्हणाले. पिशवी रिकामीच वर आली होती, हे कुणालाच आठवलं नाही. गोदाक्काने फक्त आणखी वाढले. मग महाराजांनी दोघा मित्रांच्या गळ्यात हार घातले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टपटप आवाज ऐकताच दोघांचे हात आपोआप पिशवी शोधू लागले.

मास्तरांनी मात्र ते हात पाहिले आणि या प्रसंगातून काय शिकायचं ते शिकले. त्यांनी दुसऱ्या दिवशी नियम बदलला. आता प्रत्येकाने आपले शिंपले जोडीदाराच्या कमरेला बांधलेल्या पिशवीत टाकायचे. तेव्हापासून त्या समुद्रात कोणी जोडीदाराला क्षणभरही नजरेआड केलेलं नाही.

तात्पर्य : संकटात मित्राला कधीही सोडू नये. निदान आपली पिशवी त्याच्याकडे असेपर्यंत तरी.