श्री. कल्याण मार्ग यांची नेमणूक

तोंडी सांगितलेली गोष्ट झोप लागेपर्यंतच टिकते, हा नियम माणसाइतकाच युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकालाही लागू आहे. संयुक्त दाखला मंडळाच्या ठाण्यातल्या वर्तकनगर कार्यालयातलं यंत्र या बाबतीत फार शिस्तीचं. कल्याणच्या खिडकीवर मागितलेला दाखला कोणत्या मार्गाने पाठवायचा, हे आज्ञा देऊन सांगितलं की ते दिवसभर इमानेइतबारे पाठवतं. सगळा रस्ता त्याला माहीत नसतो; पुढे कोणाच्या गळ्यात टाकायचं, एवढं कळलं की त्याची जबाबदारी संपते. (ही पद्धत काढणारा कधीतरी मंडळातच नोकरीला असणार, असं तिथे अभिमानाने सांगतात.)

वीजबचत धोरणानुसार संध्याकाळी ट्यूबलाइटांबरोबर यंत्रही बंद होई. सकाळी सुरू झालं की कल्याण नावाचं गाव ऐकल्याचंही त्याला आठवत नसे. मग रत्नदीप येऊन मार्ग पुन्हा टाके. रत्नदीप कंत्राटी. अकरा महिने काम, मग एक दिवस घरी, म्हणजे नोकरीची सवय लागत नाही. मंजूर कायम पद एकच होतं, त्यासाठीचा त्याचा अर्ज आस्थापना अधिकारी सौमित्र साने यांच्याकडे मुरत पडला होता. घराचं सगळं त्या अर्जावर टांगलेलं.

एकदा मुलगी पायल तापली म्हणून रत्नदीपने रजा घेतली. त्या दिवशी कल्याणच्या केशरबाईंना हयातीचा दाखला मिळेना. बाई खिडकीसमोर धडधडीत उभ्या, पण त्या जिवंत असल्याचं ठाण्याहून येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला, "बाबा, काल मी नव्हते म्हणतात. आज आहे का बघ."

रत्नदीपला फार लागलं ते. मार्गाची ओळ यंत्राच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहिली की काम झालं असतं, पण फाइलीतल्या बदलाला मंजुरी हवी. त्याने टिपणी दिली : 'कल्याण मार्ग कायम करावा.'

"कायम हा शब्द लिहिलास? त्या साहेबाला?" त्याची बायको वैशाली हिने कपाळाला हात लावला. "अरे, आधी स्वतःचं बघ ना रे."

"एक ओळ तर टाकायचीय."

"तुझी पण एक ओळच राहिलीय."

'कायम' दिसताच टिपणी आस्थापनेत गेली. साने साहेबांनी नियमाप्रमाणे उमेदवाराची माहिती मागवली, रत्नदीपने मार्गाची खरीखुरी भरली. शिक्षण : नाही. वैद्यकीय रजा : लागत नाही. संघटनेचं सभासदत्व : नाही. (या उत्तरावर सबंध समितीने समाधान व्यक्त केलं.) यथावकाश आदेश निघाला : 'श्री. कल्याण मार्ग यांना सेवेत कायम करण्यात येत आहे.'

रत्नदीपने आपलं नाव शोधत तो दोनदा वाचला.

"पद एकच होतं, रत्नदीप," साने साहेब मायेने म्हणाले. "त्यांची बाजू भक्कम निघाली."

"साहेब, तो रस्ता आहे."

"एकेरी नको. ते आता तुम्हाला वरिष्ठ आहेत."

आदेशाप्रमाणे ती ओळ रत्नदीपनेच फाइलीत लिहिली. यंत्र बंद करून चालू केलं. कल्याण आठवत होतं. त्याही स्थितीत रत्नदीपला बरं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं. सकाळचं काम उरलं नाही, म्हणून पुढचे अकरा महिनेही उरले नाहीत.

आता कल्याणला दाखला झटपट मिळतो आणि केशरबाई सलग हयात असतात. रत्नदीपला परत घ्यायचं तर श्री. मार्ग यांना पदावरून उतरवावं लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत खिडकी बंद राहील. तशी लेखी मागणी नागरिकांनी केल्यास मंडळ सहानुभूतीने विचार करणार आहे. हळहळ पुष्कळांना वाटते. तुम्हालाही आत्ता वाटलीच असेल. मागणीचे कोरे अर्ज खिडकीवरच ठेवलेत. मागच्या खेपेला दाखल्यावर सही करण्याआधी पेन उठतंय का, ते तुम्ही त्यातल्याच एकावर पाहिलंत.