हवालदारांचा स्की क्लब

"बर्फ लागतच न्हाई रं! माणसात दम असला की झालं!"

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या आपल्या गावात, चावडीपुढं बसून नाथाजी हवालदारानं हे ठणकावून सांगितलं, तेव्हा साल होतं चौऱ्याहत्तर आणि त्याला पेन्शनवर येऊन उणंपुरं वर्षही झालं नव्हतं. पलटणीत असताना गुलमर्गला त्यानं स्की शिकून घेतली होती. स्की म्हणजे दोन लांबलचक फळ्या. त्या पायांना बांधायच्या, हातात दोन काठ्या धरायच्या आणि बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं! बाकीचे जवान काश्मीरहून बायकोला शाल आणतात, अक्रोड आणतात. ह्यानं फळ्या आणल्या! बनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्याच दिवशी त्या चुलीसाठी फोडायला घेतल्या होत्या.

आता नाथाजीच्या डोक्यात क्लब शिरला. संक्रांतीनंतर गावामागच्या टेकडीवरचं गवत वाळून असं गुळगुळीत होतं, की शेळीसुद्धा आपल्या चार पायांवर भरवसा ठेवत नाही. मग बर्फावाचून काय नडलंय? गावात क्लब काढायचा, जिल्ह्यात नाव गाजवायचं!

पलटणीतला त्याचा दोस्त जोतीराम साताऱ्याला निघाला होता. नाथाजीनं त्याच्याकडून बातमी घोकून घेतली आणि त्याला तिथल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात पाठवलं. जोतीरामनं सावधान उभं राहून ती घडाघडा म्हणून दाखवली. पण तिथल्या खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात 'स्की' हा शब्द ऐकला नव्हता. त्याला शुद्ध भाषेची भारी चाड! त्यानं तो शब्द आपल्या मतानं दुरुस्त केला, आणि छापून आलं ते असं:

'माजी सैनिक नाथाजी हवालदार यांचा सखी क्लब! काश्मीरहून आणलेल्या सखी सध्या दोनच असल्याने सभासदांना पाळीपाळीने मिळतील. रविवारी टेकडीवर प्रात्यक्षिक. हौशी मंडळींनी अवश्य यावे.'

अंक गावात एकच यायचा, वाण्याच्या दुकानात. तो हातोहात असा फिरला, की नाथाजीच्या हाती काही लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी लालासाहेब, साठी उलटलेला ऊसवाला बागायतदार, इकडंतिकडं बघत त्याच्याजवळ आला.

"हवालदार, दोनच हायत व्हय?"

"दोनच. पर लय दणकट!"

"आमच्यासारख्याला झेपतील न्हवं?"

"न झेपायला काय झालं? निस्ता तोल सांभाळायचा. आन् पडलं तरी घाबरायचं न्हाई, पुन्हा उठायचं!"

"घरी कळलं तर?"

"कळू द्या की! वहिनीस्नीबी घेऊन या!"

लालासाहेबाच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. "वहिनीस्नी?" एवढंच कसंबसं म्हणून तो घराकडं सुटला. पण रविवारी सगळ्यात आधी टेकडीवर आला तोच! आणि एकटा!

एकटा कसला! आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून गाड्याच्या गाड्या लोटल्या होत्या. ठेवणीतले फेटे, कानांत अत्तराचे फाये, मिशांना पीळ. गर्दी बघून नाथाजीची छाती फुगली.

"बघ जोत्या! लोकास्नी स्कीची किती हौस हाय!"

"ते हाय खरं," जोतीराम डोकं खाजवत म्हणाला, "पर ह्यांनी ढोलकी का आणलीया?"

"स्वागताला! तुला काय कळतंय?"

टेकडीच्या माथ्यावर नाथाजीनं फळ्या पायांना करकचून बांधल्या, छाती काढली आणि आरोळी ठोकली, "मंडळी! ज्यांची तुमी वाट बघत होता, त्या दोन्ही ह्या बघा!"

आणि त्यानं एक पाय वर उचलून दाखवला.

ढोलकी थांबली. कुणीतरी खोकलं.

"फळ्या दिसल्या," मागून आवाज आला, "आता बाया काढा की भाईर!"

"बाया?" नाथाजी चक्रावला. "कसल्या बाया?"

लालासाहेबानं फेट्यातून घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. नाथाजीनं वाचलं. पुन्हा वाचलं. गुलमर्गच्या थंडीत जे रक्त गोठलं नव्हतं, ते साताऱ्याच्या उन्हात गोठलं! जोतीरामकडं बघितलं, तर तो आभाळाकडं बघत होता.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी! पण बनाबाई तेव्हा कवठे महांकाळला माहेरी होती आणि ही बातमी सांगलीच्या एका दैनिकानं जशीच्या तशी उचलली होती. टेकडीखाली एस.टी. थांबली आणि आतून उतरले नाथाजीचे सासरे, तात्याबा! हातात कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी काठी, मागं डोळे पुसत बनाबाई.

"कुठं हायती त्या दोघी?" तात्याबा खालूनच गरजले. गर्दी दुभंगली. म्हातारा तरण्या बैलासारखा चढ चढून आला.

"मामा, आवं ऐका तरी! दोघी न्हाईत, लाकडं हायत!"

"लाकडं? माझ्या लेकीला टाकून लाकडासंगं नांदतुस व्हय?"

"पायात बांधायची लाकडं, मामा!"

"थांब, तुझ्या पायात काय बांधायचं ते मी दावतो!" म्हणत तात्याबांनी जावयाची कॉलर धरायला मागून झेप घेतली. त्यांचे दोन्ही पाय बरोबर दोन्ही फळ्यांच्या शेपटांवर पडले.

आणि फळ्या निघाल्या!

आधी सावकाश. मग सुसाट! नाथाजी पुढं, त्याच्या गळ्याला मिठी मारून तात्याबा मागं. "सोडा मामा!" हा ओरडतोय, "धर मला, आई आई गं!" ते ओरडताहेत. तात्याबांच्या काठीच्या टोकात कुणाचा तरी फेटा अडकला आणि निशाणासारखा फडफडत निघाला. अत्तर लावलेली हौशी मंडळी गवतात पटापट आडवी झाली. ढोलकीवाला ढोलकीसकट बाजूच्या ओघळीत! बनाबाईनं तर डोळेच झाकले. एकाच दिवशी नवरा आणि बाप दोघंही जाणार, अशी तिची खात्रीच झाली.

टेकडीच्या पायथ्याशी गुऱ्हाळ होतं आणि गुऱ्हाळाशेजारी उसाच्या चिपाडांचा घराएवढा ढीग. सासरा-जावई त्या ढिगात शिरले आणि दिसेनासे झाले!

बनाबाई ऊर बडवत धावली. दोन्ही हातांनी चिपाडं उपसली, तेव्हा आधी बापाचं डोकं वर आलं. मिशांत चिपाडं, डोळे बटाट्याएवढे.

"आबा! लागलं का वं?"

तात्याबांनी मिशांतलं एक चिपाड उपटून निरखलं. मग ते हळूच म्हणाले, "बने, जावई खोटं बोलत न्हाईत. लाकडंच हायत ती."

शेजारून नाथाजी बाहेर आला. एक पाय मुरगळलेला, कॉलर सासऱ्याच्या मुठीत राहिलेली. बनाबाईनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली, आणि मगच पदर खोचला.

"आवं, ह्या थांबवायच्या कशा, ते शिकवलं न्हाई व्हय तिकडं?"

"तिकडं खाली बर्फ सपाट असतो," नाथाजी मान खाली घालून म्हणाला. "माणूस आपसूक थांबतंय."

"आन् हितं?"

"हितं न्हाई थांबत."

"मग मी सांगतीया," बनाबाई म्हणाली, "थांबा!"

आणि खंडाळ्याकडचा तो स्की क्लब, स्थापनेच्या दिवशीच, चिपाडाच्या ढिगाशी थांबला.