चिपमधली राहीबाई

राहात्याजवळच्या एका वस्तीवर राहीबाई नावाची म्हातारी राहते (म्हणजे मीच), तिचा नवरा अँड्र्यू, नातू गिदोन आणि नातसून कृपा. गिदोन शेतातल्या मोटारीसाठी बोलकं खोकं बनवतो. रात्री-अपरात्री शेतीची थ्री फेज लाईट आली की ते हाक मारतं, शेतकरी उठतो, मोटर चालू करतो. कोपरगावचे दुकानदार बजरंगशेठ यांची पहिलीच ऑर्डर होती. ती हुकली तर दोघं नोकरीला पुण्याला जाणार, आणि आम्ही दोन म्हातारी एकमेकांची तोंडं बघत बसणार.

"आजी, तुजा आवाज लई खणखणीत हाय. तूच बोल," गिदोन म्हणाला. (कौतुक केलं की मी विहिरीतसुद्धा उतरते.)

माईकपुढं बसले. "लाईट आली हो, मोटर चालू करा," इतकं गोड बोलले की माझी मलाच ओळख पटेना. तेवढ्यात दारातून दिसलं, शेळी दोरीवरचा कपडा चघळतेय आणि शेजारी बाजेवर आमचे हे निवांत!

"अवं, उठा की! मुडद्यासारखं पडून घोरताय काय? शेळीनं पायजमा खाल्ला!"

गिदोन शेळीमागं पळाला. धापा टाकत परत आला आणि घाईघाईत, काहीच न कापता, सगळंच्या सगळं रेकॉर्डिंग खोक्यांत बसवायच्या अख्ख्या ट्रेमधल्या चिपांत भरून मोकळा झाला. पहिलं खोकं लावलं, त्यातून मी ओरडले. दुसऱ्यातूनही मीच.

"मग पुसून टाक की रे."

"पुसत न्हाई आजी. ही चिप कोरी येती, आपल्याला पायजे ते आपन एकदाच भरायचं. आत केसाहून बारीक तारा असत्यात. काही जाळायच्या, काही ठेवायच्या, त्यातच समदं बोलनं. जळलेली तार परत जुळती व्हय? गोंदनच समज."

कृपानं माळ्यावरून बॅग काढली. मी गुपचूप एक चिप चिंचेनं घासली. चिप लखलखली, पण आत मी तशीच ओरडत होते.

शेजारच्या गहिनीनाथाचं पाणी नेहमी चुकायचं. "बिगडलेलं तर बिगडलेलं, द्या," म्हणत त्यानं एक खोकं नेलं. सकाळी तो दारात हजर. मी कणगीमागं.

"राहीबाई कुठं हायेत? पयल्यांदाच पाणी चुकलं न्हाई! आदीच्या, बाजारातनं आनलेल्या खोक्यातली बया 'कृपया' म्हनायची, आमी कूस बदलायचो. काल दचकून उटलो, आदी पायजमा चाचपला, मग मोटर चालू केली!"

ही बातमी बाजारात गेली. बजरंगशेठ स्वतः टेम्पो घेऊन आले, सगळी खोकी उचलली आणि वर आणखी ऑर्डर दिली. "आवाज हाच पायजे, एक अक्षर बदलू नका." कृपाची बॅग परत माळ्यावर गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात गिदोनच्या हाताला उसंत नाही.

"पन ह्यो आवाज हाय कुनाचा?" त्या दिवशी जाता जाता शेठनं विचारलं.

मी पदर सारखा केला, मान ताठ केली. "माझाच."

शेठनं मला नीट न्याहाळलं. मग वळले, आणि वाकून बाजेवरच्या आमच्या म्हाताऱ्याच्या पाया पडले.