बिनपट्ट्यांची पेटी

जैतुनबाईंच्या हातात कागद गेला की त्याला भोक पडलंच म्हणून समजा. माझ्या रजेच्या अर्जाला पडलं, सरपंचांच्या घरच्या लग्नपत्रिकेला पडलं, आणि एकदा तर वरून आलेल्या परिपत्रकाला अशी अकरा भोकं पडली की 'शिक्षकांनी' आणि 'करू नये' यांच्यामधलं सगळंच उडालं. मी शाळेचा हेडमास्तर. मी ओरडलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "आवं गुरुजी, सरकारी कागुद लय जाड असतोय. वाया कशाला घालवायचा?"

पलूसच्या अलीकडं आमचं गाव. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. बाई दुसरीच्या वर्गावर आल्या तेव्हा तिशीच्या असतील. एकट्याच राहायच्या. गाव कुठलं विचारलं की म्हणायच्या, "शाळा." सगळे दिवाळीला, ईदला घरी जायचे; बाई वर्गात बसून मुलांचं काम तपासायच्या.

शाळेत एक मोडकी बाजाची पेटी होती. निम्म्या पट्ट्या उंदरांनी खाल्लेल्या. बाईंनी एका उन्हाळ्यात तिच्या उरलेल्याही पट्ट्या काढून टाकल्या आणि त्या जागी सात खाचांची लाकडी फळी बसवली. एकेका खाचेखाली एकेक सूर. फळीवरून कागदाची लांब फीत सरकवायची, एका पोरानं भाता मारायचा. फितीला जिथं भोक असेल तिथं वारा जायचा आणि तेवढाच सूर वाजायचा. लग्नपत्रिका खळीनं चिकटवून मुलं फिती करायची, त्यावर चौकटी आखायची आणि तिकिटाला भोक पाडायच्या जुन्या चिमट्यानं आपापलं गाणं पाडायची.

"भोक म्हंजे बोल, कोरं म्हंजे गप," एवढंच त्यांचं संगीतशास्त्र. कुणाचं चुकलं तर म्हणायच्या, "चुकलं म्हनायचं न्हाई. चिकटव, आन् पुन्यांदा पाड."

एकदा भिवानं सगळ्याच चौकटींना भोकं पाडली. सातही सूर एकदम असे किंचाळले की बाहेरची म्हैस दावं तोडून पळाली. "बाई, ह्यो कारखान्याचा भोंगा," भिवा म्हणाला. बाईंनी मान डोलावून तो भोंगा दुसऱ्यांदा ऐकला. शालननं निम्मी फीत कोरीच ठेवली होती. का, विचारलं तर म्हणाली, "तितं आमची म्हातारी झोपलीया." बाईंनी तेवढा वेळ सगळ्या वर्गाला गप बसवलं. माझ्या वर्गात एवढी शांतता मी छडी घेऊनही आणू शकलो नव्हतो.

मग तपासणीचे साहेब आले.

"हे काय आहे?"

"पेटी."

"हिच्या पट्ट्या कुठायत?"

"काडल्या. पोरांची बोटं पोचत न्हवती."

"दुसरीच्या अभ्यासक्रमात हे कुठं आहे?"

"कुटंच न्हाई. भूक बी न्हाई, तरी मधल्या सुट्टीत पोरं जेवत्यातच की."

मी साहेबांच्या मागं उभा राहून बाईंना हातानं 'गप, गप' खुणावत होतो. साहेबांचे कान लाल झाले. सरकारी वस्तूची मोडतोड, ते मला म्हणाले. आठ दिवसांत पेटी कारागिराकडून दुरुस्त करून घ्या, दाखला पाठवा. नाहीतर बाईंच्या निलंबनाचा कागद निघेल.

"काडा की," बाई म्हणाल्या. "फकस्त जाड काडा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाईंना लागली असावी. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं मिरज गाठली. पेटीच्या कामात सगळ्यांत नावाजलेले कोण, असं विचारत एका म्हाताऱ्या मुजावरांच्या दुकानात पोचलो. आमच्या बाईही मुजावर, पण त्या भागात मुजावर ढिगानं. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. म्हातारबाबांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर निघाले.

वर्गात शिरले आणि जागीच थांबले. फळ्यापुढं बाई उभ्या होत्या. साहेबांसमोर कमरेवर हात ठेवणाऱ्या त्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि खडू खाली ठेवला.

"अब्बा," एवढंच म्हणाल्या.

बाबांनी पेटी उघडली. आत बराच वेळ बोटं फिरवली. मग शालनला फीत सरकवायला सांगितली, भिवाला भाता मारायला. पूर्ण ऐकली. म्हातारीच्या झोपेसकट.

"कोन खोल्या ये पेटी?" त्यांनी घरच्या बोलीत बाईंना विचारलं.

"मैं."

बाबा माझ्याकडं वळले. "गुरुजी, मी माझ्या पोरांना धंदा शिकीवला. हिला शिकीवला न्हाई. पोरीच्या जातीला कशाला, म्हनलं. म्हनून ही घर सोडून गेली, सात वर्सं झाली." मग पिशवी बांधायला लागले.

"आणि दुरुस्ती?" मी विचारलं.

"वाजती हाय की! वाजत्या पेटीची मी दुरुस्ती करत न्हाई. साहेबाला दाखला पायजे ना? कागुद द्या."

त्यांनी लिहिलं, पेटी तपासली, काम पक्कं आहे. खाली सही केली. मी आयुष्यात वरिष्ठांना उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी त्या सहीखाली माझी सही ठोकली, शिक्का मारला आणि वर लिहिलं, 'आदेशाप्रमाणे'. त्यावर निलंबनाचा कागद कधीच आला नाही. साहेबांनी दाखला मागितला होता, दाखला त्यांना पोचला होता.

मधल्या सुट्टीत बाई बाबांना गाडीवर घालवायला निघाल्या. फाटा शाळेच्या दारातच. मी ओट्यावरून पाहत होतो.

"भात्याला चामडं कुटलं लावलंस?" बाबांनी विचारलं.

"माज्या चपलंचं."

बाबांनी खाली तिच्या पायांकडं पाहिलं. तापलेल्या फुफाट्यात ती अनवाणी उभी होती.

"दुकानात चांगलं चामडं हाय," ते म्हणाले. "ईदला यिशील तवा घिऊन जा."

जैतुनबाईंनी मान डोलावली. गाडी आली, बाबा चढले, गाडी वळणाआड गेली. बाई तोंडावर पदर धरून तिथंच उभ्या राहिल्या.

सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती. शिपाई दोनदा विचारून गेला. मी त्याला घंटा देऊ दिली नाही.