दिलबहारचे बशीरभाई

बशीरभाईंना माणसं समोरून ओळखू येत नसत. पाठमोरी यायची.

शिरूरच्या बाजारात तुम्ही त्यांच्या पुढ्यात उभे राहिलात, नमस्कार केलात, नाव सांगितलंत, तरी ते अदबीनं पण कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहायचे. मग हळूच तुम्हाला वळसा घालून मागं जायचे, मानेवर एक नजर टाकायचे आणि तिथूनच आनंदानं ओरडायचे, "आरं, आप्पा व्हय! कवा आला?" पुढची सगळी ख्यालीखुशालीही मागूनच चालायची. आप्पा बिचारे रस्त्याकडे तोंड करून उत्तरं देत उभे.

एसटी स्टँडवरून पेठेत येताना डाव्या हाताला त्यांचं 'दिलबहार हेअर कटिंग सलून' होतं आणि त्याला चिकटून माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. मधे फळ्यांची भिंत. तिकडची कात्री इकडं ऐकू यायची, बोलणं तर यायचंच. मी त्यांचा शेजारीही होतो आणि गिऱ्हाईकही, त्यामुळं त्यांचा त्रास मी दोन्ही बाजूंनी भोगलाय.

एकदा आठवडे बाजारात एका बाईची पिशवी हिसकून कोणीतरी पळालं. चोर दिलबहारच्या दारावरूनच गेला होता, म्हणून हवालदार चौकशीला आले.

"बघितला का तुमी?"

"बघितला की. दोन भोवरं हायत. उजव्या कानामागं चामखीळ. आन कटिंग येकदम बेकार, आपल्या गावची न्हाई ती."

"आन चेहरा?"

"चेहरा कसा दिसंल साहेब? पळत व्हता ना त्यो!"

हवालदारांनी त्या दिवशी बाजारात बऱ्याच लोकांच्या टोप्या उचलून बघितल्या. चोर सापडला नाही, पण दोन-चार पुढारी दुखावले.

दिलबहारमध्ये गिऱ्हाइकाला मत नव्हतं. तुम्ही खुर्चीत बसलात, अंगाभोवती कापड आलं, की तुमचा संबंध संपला. बशीरभाई डोळे मिटून तुमच्या केसांतून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "डोकं काय म्हणतंय ते बघू." मग जरा वेळ नुसतं, "हां... व्हय... बराबर." आणि शेवटी निकाल, "बाजूनं बारीक म्हणतंय."

"अहो पण मी म्हणतोय जरा मोठे राहू द्या."

"तुमी छत्री घेता, टोपी घालता, ती कुनासाठी? ऊन लागतंय त्याला. त्याचं ऐकायचं का तुमचं?"

मेहुण्याच्या लग्नाला निघताना मी फक्त कानावरचे केस कमी करायला सांगितले होते. घरी गेलो तर बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

तरी लोक यायचे. तक्रार करत यायचे, पण यायचेच, कारण पंधरा दिवसांनी केस जरा वाढले की ते असे काही छान बसायचे की बशीरभाईंचंच खरं होतं असं वाटायला लागायचं. अर्थात तोवर लग्न होऊन गेलेलं असायचं.

मग रांजणगावला कारखाने आले. कारेगावच्या खोल्या बाहेरगावच्या पोरांनी भरल्या, कोणी नांदेडचं, कोणी थेट बिहारचं. रविवारी ही पोरं शिरूरला यायची आणि नटाचा फोटो पेपरातून कापून आणायची. मधे भांग आणि दोन्हीकडून पडद्यासारखे केस, अशी तेव्हाची तऱ्हा होती.

"चाचा, बिलकुल ऐसा."

बशीरभाई फोटो हातात घ्यायचे, लांब धरायचे, जवळ धरायचे आणि उलटा करून बघायचे. मागं साबणाची जाहिरात.

"पीछे का किधर है?"

"पीछे का तो नहीं है, चाचा."

"फिर? मुंडी क्या अर्धीच है उसकी?"

पोरगा फोटो खिशात घालायचा आणि तासाभरानं शाळेत चाललेल्या मुलासारखा होऊन बाहेर पडायचा.

दिलबहारमध्ये दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर त्यांचा मुलगा अस्लम काम करायचा. हात बापाचाच होता, स्वभाव मात्र आईवर गेलेला. तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "कशी करू?" आणि सांगतील तशी करायचा. हळूहळू असं झालं की पोरं बाकावर बसून राहायची. बशीरभाईंची खुर्ची मोकळी असली तरी कोणी उठायचं नाही. सगळी पेपर वाचत असल्याचं सोंग करायची. बशीरभाई कात्री हवेत चालवत उभे राहायचे. मला फळ्यांच्या भिंतीतून ती रिकामी कात्री ओळखू यायला लागली. केस कापणाऱ्या कात्रीचा आवाज दबलेला असतो.

अस्लमला दुकानात केस धुवायचं बेसिन हवं होतं, फिरत्या खुर्च्या हव्या होत्या. बशीरभाईंचं उत्तर ठरलेलं. "डोकं धुवायचं काम ज्याच्या त्याच्या आईचं."

त्यांचं बिनसलं ते मात्र बेसिनवरून नाही. पाबळकडच्या एका पोरानं अस्लमकडून केस उभे करून घेतले. चांगले दिसत होते, मी पाहिले होते. पोरगा खूश होऊन उठला, तर बशीरभाईंनी त्याला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवलं, "इकडं ये, नीट करून देतो," म्हणाले आणि अस्लमच्या देखत सगळं उतरवून टाकलं. पोरगा रडकुंडीला आला. अस्लमनं आपला कंगवा आणि कात्री रुमालात गुंडाळली, माझ्या दुकानात येऊन "येतो अण्णा" म्हणाला आणि पुण्याच्या एसटीत बसला.

बशीरभाईंना वाटलं संध्याकाळी येईल. मग वाटलं ईदला येईल. ईदला तो दौंडला बहिणीकडे आला आणि तिथूनच परत गेला. शमीम, म्हणजे बशीरभाईंची मुलगी, दौंडला दिलेली. भाभी तर अस्लम जायच्या आधीच वारल्या होत्या. त्यामुळं घरात आता बशीरभाई एकटे.

बोलायचं त्यांनी कमी केलं नाही, उलट वाढवलं. दाढी करायला आलेल्या माणसाला ते तासभर बसवून ठेवायचे. सोमवारी सलूनला सुट्टी, तर सबंध सोमवार माझ्या दुकानात. शाळेची पोरं वही घेऊन वळली की मागून म्हणायचे, "ह्यो बघा अण्णा, ह्याच्या आज्याचा भोवरा आलाय." अस्लमचं नाव मात्र तोंडात नाही. मी एकदा काढलं, तर उठून गेले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. त्यांचे स्वतःचे केस. ते अस्लम कापायचा. तो गेल्यावर गावात दुसरे कारागीर होते, पण बशीरभाईंना कोणाचा हात पटेना. एक आरसा पुढं, एक मागं लावून ते स्वतःच कापायला लागले. पुढून ठीक. मागून एखाद्या शेळीनं तोंड घालून सोडून दिल्यासारखं. साऱ्या गावाच्या माना ज्यांना पाठ, त्यांची मान गावात सगळ्यात वाईट होती, आणि हे त्यांना सांगायची हिंमत कोणाला नव्हती. मलाही नव्हती.

माझ्या दुकानात फोन होता. एका दुपारी दौंडहून शमीमचा फोन आला, मी बशीरभाईंना हाक मारली. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हां बेटा... मीच... व्हय, माझा मीच... बरं दिसतंय की... कोन इचारत व्हतं?"

पलीकडून उत्तर आलं. फोन ठेवून ते गेले. दोन दिवसांनी आले आणि माझ्या पाठीमागं उभे राहून म्हणाले, "पुण्याला कवा चाललाय माल आणायला?"

"सोमवारी. का?"

"मी बी येतो. कात्रीला धार लावायची हाय."

शिरूरला धार लावणारे होते.

सोमवारी एसटीत ते खिडकीशी बसले. नवा शर्ट, डोक्यावर टोपी. कोरेगाव भीमाचा पूल येईपर्यंत त्यांनी पुढच्या सीटवरच्या एका टकलाविषयी बरीच माहिती दिली. पूल गेल्यावर एकदम म्हणाले, "अण्णा, पोरानं शमीमला इचारलं. म्हनला, अब्बाचे केस कोन कापतं?"

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. चाललो ना."

कॅम्पातल्या एका गल्लीत ते सलून होतं. पत्ता शमीमनं दिला होता. सगळी काच. बशीरभाई दारातच थबकले. "सोमवारी उघडं?" हा पहिला धक्का. आत गारवा, मंद गाणं, आणि टेबलामागं एक मुलगी.

"सर, अपॉइंटमेंट आहे का?"

"न्हाई. केस वाढल्यात."

"कोणाकडून करायचेत?"

बशीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अस्लम."

"अस्लम सर बिझी आहेत. थोडं थांबावं लागेल. तोपर्यंत हेअरवॉश करून घ्या."

बशीरभाई माझ्याकडे वळले. "अस्लम सर," ते मला म्हणाले. जरा थांबून पुन्हा स्वतःशीच, "सर."

केस धुवायची खुर्ची मागं कलली तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. काळे कपडे घातलेली एक तरुण बाई पाणी सोडायला लागली, तर हे म्हणतात, "ऱ्हाऊ दे बेटी, सकाळीच आंघोळ केलीय." ती हसली आणि तिनं गरम पाणी सोडलं. बशीरभाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. माझं मनगट मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग त्यांना मोठ्या आरशापुढं बसवलं आणि अस्लम आला. अंगानं भरला होता. कमरेला चामडी पट्ट्यात कात्र्या. आरशात त्यानं बापाला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. मला वाटलं आता हा आत निघून जाणार. तो पुढं आला, कापड झटकलं, बशीरभाईंच्या गळ्याशी बांधलं आणि गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "बोला सर, कशी करायची?"

या प्रश्नाला उत्तर द्यायची बशीरभाईंना सवयच नव्हती.

अस्लमनं मागचे केस बोटांत धरले. उजवीकडचे, मग डावीकडचे. त्याचा चेहरा बदलला.

"हे कुणी कापले?"

"मीच."

"आरसा लावून?"

"दोन आरसे."

अस्लमनं कंगवा एकदा मानेवरून फिरवला. मग अगदी हळू म्हणाला, "सगळं वाकडं झालंय, अब्बा."

"व्हय," बशीरभाई म्हणाले. "वाकडंच झालंय."

कात्री सुरू झाली. थोड्या वेळानं बशीरभाईंच्यानं राहवलं नाही. "कानामागं जरा..."

कात्री थांबली. आरशात दोघं एकमेकांकडे बघत होते.

"काय न्हाई," बशीरभाई म्हणाले. "चालू दे तुझं."

आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं पोराची नजर चुकवायला मिटलेत. पण जरा वेळानं त्यांचे खांदे सैल पडले, मान पुढं कलली आणि बारीक घोरणं ऐकू आलं. मी उठवायला पुढं झालो, तर अस्लमनं मानेनंच नको म्हटलं. त्यानं डावा तळवा बापाच्या हनुवटीखाली धरला आणि उजव्या हातानं राहिलेलं काम सावकाश पुरं केलं. मऊ ब्रशनं भुवयांवरचे, नाकावरचे केस झटकले. काम संपलं होतं. हात त्यानं काढला नाही.

टेबलाजवळची मुलगी आली. "सर, पुढचे क्लायंट केव्हाचे थांबलेत. हे सर झाले ना?"

"त्यांना दुसऱ्या खुर्चीवर घे," अस्लम म्हणाला. आवाज त्यानं खालीच ठेवला होता, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला. "माझे अब्बा आहेत. झोपलेत."

शेजारच्या खुर्चीवर केस वाळवायचं यंत्र घरघरत होतं. तिथल्या पोरीनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि बटण बंद केलं.