आधी डमीत, मग खऱ्यात

बशीरभाईंनी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा पहिले काही दिवस ती अंगणात स्टँडवर उभी करूनच चालवली. गियर टाकायचे, हॉर्न वाजवायचा, वळायचं नसताना वळायचा हात दाखवायचा. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, कुठं निघालाय? तर म्हणाले, "आवं, कुठं न्हाई. आधी डमीत, मग खऱ्यात."

आमच्या उंब्रजच्या दूध संस्थेत ते कॉम्प्युटर सांभाळतात आणि मी हिशेब बघते. शेजारी बसून त्यांचं हे वाक्य मला पाठ झालंय. नवी चप्पल आधी घरातल्या घरात. ईदच्या बिर्याणीआधी छोट्या पातेल्यात डमी बिर्याणी, ती ऑफिसात आम्हाला खायला. त्यामुळं आमची ईद दोनदा होते, तक्रार कोण करणार?

यंदा संस्थेच्या सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची ठरलं. सगळ्या उत्पादकांची बिलं त्यावर. दुसरा कुणी एका रविवारी टाकून मोकळा झाला असता. बशीरभाईंनी आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन तयार केलं. म्हणजे हुबेहूब चालणारा, पण खोटा सर्व्हर. नवी सिस्टीम त्यात टाकायची, बिघडली की पुसायची, खऱ्याला धक्का नाही. खोटे उत्पादक, खोट्या म्हशी, खोटं दूध. एका खोट्या उत्पादकाला त्यांनी गमतीत चेअरमनसाहेबांचंच नाव दिलं आणि दुधाची फॅट अशी लावली की आडाचं पाणी बरं.

पण सर्व्हर खोटा असला तरी प्रिंटर खरा होता. बिल छापलं गेलं आणि शिपायानं इमानेइतबारे साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. वर शेरा, "दूध पाणचट, नाकारले." साहेबांचा पारा चढला. सोमवारी नवी सिस्टीम खऱ्या सर्व्हरवर दिसली पाहिजे, नाहीतर बाहेरचा माणूस बोलावतो, म्हणाले.

डमीत सगळं झ्याक चाललं होतं. तरी हा बाबा आपला पुसतोय आणि पुन्हा टाकतोय. त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि का ते मला ठाऊक होतं. त्यांच्या नसरीनला पुण्यात नोकरी लागली होती. आई लहानपणीच गेलेली, पोरीला यांनीच वाढवलं. होकार सोमवारपर्यंतच कळवायचा होता. बशीरभाई नाही म्हणाले नाहीत. त्यांनी तिला आपल्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याला, स्वतःच्या बहिणीकडं पाठवलं. तिथनं पुणं जवळ, आधी डमीत राहू दे, करमलं तर खऱ्या पुण्याला. मी कपाळावर हात मारला.

शनिवारी संध्याकाळी मी चार शब्द सुनावायचे ठरवूनच त्यांच्या घरी गेले. बघते तर दोन ताटं वाढलेली आणि हे एकटेच बसलेले. कुणी येणार आहे का म्हणून विचारलं. ते ताटाकडं बघत म्हणाले, सवयीनं वाढलं. नसरीन कशी आहे? तर लय खुशीत हाय म्हणाले.

"मग झाली की पोरगी पास."

"पोरीची परीक्षा नव्हतीच, वैनी. माझी हुती. आन मी काय पास होईना."

माझी जीभ कुठली गप्प बसायला? म्हटलं, पोरगी पुण्याला चाललीय, चंद्रावर नाही. डमीत जन्म काढायचा असता तर तुम्ही तिला शिकवलंत कशाला? आणि पदर खोचून मी त्या दुसऱ्या ताटावर बसले. ते हसले आणि जेवायला लागले.

रविवारी आम्ही दोघं ऑफिसात. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी खऱ्या सर्व्हरवर नवी सिस्टीम टाकली. दुपारी पहिलं खरं बिल निघालं, ते मी दोनदा तपासलं. एक आकडा इकडचा तिकडं नव्हता.

बशीरभाईंनी तिथंच खंडाळ्याला फोन लावला. पोरीशी ते आपल्या दखनीत बोलतात. "नसरीन, हां बोल दे उनको. वापस नको आव, उधरसेच पुना जा. सामान मैं लाके देता."

पलीकडनं तिचा आनंद मलासुद्धा ऐकू आला. फोन खिशात ठेवून त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग माझ्याकडं न बघताच विचारलं,

"वैनी, एकट्यापुरता भात करायचा तर कुकरात तांदूळ किती घालायचं?"