देवीचं नाक

भोईरकाका हात धुतल्याशिवाय कुणालाही आपलं नाणं दाखवत नाहीत, आणि धुतल्यावर त्याला हात लावू देत नाहीत. मग धुवायला लावतातच कशाला, हे कामतघरच्या आमच्या चाळीत राहायला आल्यापासून मला पडलेलं कोडं आहे.

नाणं एकच. सोन्याचं, गुप्त राजांच्या काळातलं, असं ते सांगतात. काकूंना ते खारबावच्या माहेरून मिळालेलं. एका नाण्यावर स्वतःला संग्राहक म्हणवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. जन्म गेला कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात, पण ऐट अशी की राजाचा खजिना यांच्याच आजोबांनी सांभाळला असावा. नाण्यावर पुढे धनुष्य घेतलेला राजा, मागे कमळावर बसलेली लक्ष्मी. राजाकडे ते कुणाला बघूच देत नाहीत.

"पाठ बघा मास्तर, पाठ! राजं येतात नि जातात. पाठीला देव पायजे."

मी शाळेत शिकवतो, म्हणून हे व्याख्यान मला आठवड्यातून दोनदा.

एकदा शेअर रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याने परत दिलेलं नाणं ते उलटंपालटं करत बसले. "याच्यावर देव कुठं हाय?" मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, भगवान ऊपर है, आप नीचे उतरो."

लक्ष्मीपूजनाला तर दरवर्षी तमाशा. लीलाकाकू पूजेआधी ते नाणं चिंच आणि राखेने लख्ख घासायच्या. देवी मळकी कशी पाटावर ठेवायची? आणि काका साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "दीड हजार वर्षं टिकलेलं नाक हिनं घासून टाकलं!" सणासुदीला बायकोच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या या विद्वानाची मला चीड यायची.

गेल्या वर्षी काकू वारल्या. वाटलं, आता तरी हे वेड उतरेल. कसलं काय! यंदा दिवाळीच्या तोंडावर काकांनी मुंबईहून एक जाणकार बोलावला. 'पितळ आहे' हे ऐकायला मी मुद्दाम जाऊन बसलो.

जाणकाराने भिंग लावलं. "अस्सल आहे. दुर्मीळ आहे." माझं तोंड पडलं. "पण देवीचा चेहराच गेलाय. कुणी घासलं हे?"

आता गेलेल्या बाईचा उद्धार ऐकावा लागणार, म्हणून मी उठलो.

"मी," काका म्हणाले. "दर दिवाळीला मीच घासायचो. अडानी मानूस."

जाणकार हळहळत निघून गेला. उठलेला मी परत खाली बसलो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काका आमच्या दारात उभे. एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात नाणं. माझे हात धुतलेत का, हे त्यांनी विचारलं नाही. नाणं सरळ माझ्या तळहातावर ठेवलं.

"मास्तर, तुमच्या मंडळींना जरा इचारा," ते म्हणाले, "चिंच किती येळ भिजत घालायची असते? हिला कधी इचारलंच न्हाय."